चुकीनंतरचा पहिला तास

पहाटेचे चार. औषधांच्या ट्रॉलीपाशी एक सिस्टर उभी आहे. हातात रिकामं अँप्युल. लेबल तीनदा वाचून झालंय, तरी ती ते पुन्हा उजेडात धरते. चुकीचं औषध गेलं होतं. वेळीच लक्षात आलं, रुग्ण सावरला. तिचे हात मात्र अजून थरथरताहेत, आणि शेजारच्या खाटेवरचं इंजेक्शन तिलाच द्यायचंय.

चूक सोसतो तो रुग्णच. पण जिच्या हातून ती घडते, तीही आतून खचते. २००० साली डॉ. अल्बर्ट वू यांनी अशा माणसाला ‘दुसरा बळी’ म्हटलं. या शब्दावर पुढे आक्षेप आले, आणि रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर ते रास्तच आहेत. त्रास मात्र खरा आहे. झोप उडते. साधा डोसही पाच-पाचदा तपासला जातो, कामं तुंबतात, मग घाई होते, आणि घाईत पुढची चूक.

म्हणून रुग्ण स्थिर झाला की लगेच तिच्या खाटा दुसऱ्या कुणाकडे द्या, औषधांच्या वेळांसकट. ‘जरा बस’ म्हणायचं आणि रुग्ण तिच्याच नावावर ठेवायचे, याला आधार म्हणत नाहीत. वॉर्डाबाहेर खुर्ची, पाणी आणि सोबत एक जण हवा. घटनेची नोंद व्हायलाच हवी, पण ती लिहायला तिला एकटीला बसवू नका. घरीही तिने स्वतः गाडी चालवत जाऊ नये. सलग १७ तास जागं राहिलं, तर रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना बिघडतो तितका हात-डोळ्यांचा ताळमेळ बिघडतो.

सगळ्यांना गोलात बसवून झाला प्रसंग तपशीलवार वदवून घेण्याची पद्धत अजून दिसते. हेतू चांगला असतो. पण अशा एकाच सक्तीच्या बैठकीने पुढचा मानसिक आघात टळत नाही. तिला बोलावंसं वाटेल तेव्हा ऐकणारं माणूस हवं.

तिसऱ्या दिवशी फोन करा. दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी प्रश्नावली भरून घ्या: नऊ प्रश्न, कमाल २७ गुण. १० किंवा जास्त आले, तर तज्ज्ञाकडे पाठवा. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा. तिथे ‘कधीच नाही’ याखेरीज कुठलंही उत्तर आलं, तर बेरीज बघत बसू नका. त्याच दिवशी तिच्याशी बोला, एकटं सोडू नका.

आणि हा कागद इन्चार्जच्या टेबलावर जाणार असेल, तर कुणीच खरं लिहीत नाही. तो वॉर्डाशी संबंध नसलेल्या माणसानेच भरून घ्यावा आणि त्याच्याकडेच राहावा.