खाज, गोळ्या आणि वाटीभर दही

[दृश्य: पातेल्यात कोमट दूध, त्यात चमचाभर विरजण]

घसा धरला म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स घेतला. घसा सुटला, पण खाली खाज सुरू झाली. अंगावरून पांढरं, घट्ट, फुटक्या दह्यासारखं जायला लागलं. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा बुरशीचा संसर्ग होतो. बोलतात मात्र फार थोड्या, आणि बोलल्या की हमखास सल्ला मिळतो: दही खा.

या सल्ल्यामागे विचार आहे. 1892 साली जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डॉडरलाइन यांनी योनिमार्गातल्या जंतूंचं वर्णन केलं. आज आपण त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणतो. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला आंबटपणा टिकवतात. अँटिबायोटिकने घशातल्या जंतूंबरोबर हेही मरतात, आणि कॅन्डिडा नावाच्या बुरशीला मोकळं रान मिळतं. मग हे जंतू बाहेरून भरून काढले तर?

न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी ते करून पाहिलं. 1992 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुन्हापुन्हा संसर्ग होणाऱ्या 33 बायका निवडल्या होत्या. सहा महिने रोज वाटीभर जिवंत जंतूंचं दही खायचं, सहा महिने नाही. दह्याच्या काळात संसर्ग कितीतरी कमी झाले. पण अभ्यास पुरा केला फक्त 13 जणींनी. आधी दही मिळालेल्या आठ जणींनी तर ते सोडायलाच नकार दिला! त्यांचं मन कळतं, पण एवढ्याशा आकड्यावर औषध ठरत नाही.

[दृश्य: औषधाच्या दुकानाचा काउंटर]

मेलबर्नचा अभ्यास मोठा होता. अँटिबायोटिक घेणाऱ्या बायकांना लॅक्टोबॅसिलस दिलं, तोंडाने पावडर, योनीत ठेवायची गोळी, किंवा दोन्ही. काहींना नुसतीच दिसायला तशी पावडर आणि गोळी. 2004 साली निकाल आला: 235 पैकी 55 जणींना संसर्ग झाला, आणि प्रोबायोटिक, म्हणजे असे उपयोगी जिवंत जंतू, घेतल्याने काही फरक पडला नाही. अभ्यास मध्येच थांबवावा लागला.

असं का व्हावं? एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कॅन्डिडाला आंबटपणा सोसतो. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, जितका कमी तितका आंबटपणा जास्त. या संसर्गात योनीचा पीएच बहुतेक वेळा नेहमीसारखा, साडेचारच्या आतच असतो. शिवाय विरजणातले जंतू वेगळे, योनीत मुक्काम करणारे वेगळे.

उपचारात मात्र थोडी आशा आहे. 2017 साली दहा अभ्यास एकत्र तपासले गेले. बुरशीच्या औषधाला प्रोबायोटिकची जोड दिली तर सुरुवातीला बरं होण्याचं प्रमाण थोडं वाढतं, असं दिसलं. पुरावा कच्चा आहे. औषधाऐवजी प्रोबायोटिक घ्या, असं त्यातून निघत नाही.

दही जरूर खा. घरचं दही आत लावू नका, त्यात कोणते जंतू आहेत हे कोणालाच माहीत नसतं. पांढरं जाण्याची कारणंही अनेक. माशासारखा वास येत असेल, ताप असेल, ओटीपोट दुखत असेल, तर ते बहुधा दुसरंच काही असतं. डॉक्टरांकडून स्रावाची तपासणी करून घ्या. साध्या संसर्गाला फ्लुकोनाझोलची 150 मिलिग्रॅमची एक गोळी बहुधा पुरते, पण गरोदर बाईने ती मनाने घेऊ नये. तिच्यासाठी योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा मलम असतं. आणि वर्षातून तीन-चारदा हेच होत असेल, तर रक्तातली साखरही तपासून घ्या. मधुमेह असला, तर बुरशी पुन्हापुन्हा डोकं वर काढते.