चार बाइटची नोंद

देवगडजवळचा कातळ. पहाट. कलमं मोहोरलीत, पानांवरून दव ठिबकतंय. तिसऱ्या ओळीतल्या कलमाला टांगलेली ही पांढरी डबी दर पंधरा मिनिटांनी जागी होते, तापमान आणि दमटपणा मोजते, खाली घराकडे पाठवते नि परत झोपी जाते.

झाकण काढू. स्क्रू गंजलेत; खारा वारा कुणाला सोडत नाही. आत दोन पेन्सिल सेल आणि नखाएवढी चिप. तिची रॅम 2 किलोबाइट.

आंब्याच्या बागेत कसलं आलंय गुपित, असं सगळेच विचारतात. गुपित नाहीच. नोंद याच डबीनं धाडली का, एवढंच कळायला हवं. बिनतारी संदेश कुणीही मध्ये घुसडू शकतो. खोटा दमटपणा आला, की फवारणीचे पैसे पाण्यात.

म्हणून प्रत्येक नोंदीवर शिक्का. एवढ्याशा चिपांसाठी संदेश झाकून त्यावर शिक्का मारायच्या हलक्या पद्धती हव्यात, म्हणून अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनं 2018 मध्ये जगभरातून प्रस्ताव मागवले. 57 आले. 2023 मध्ये निवड झाली ‘अ‍ॅस्कॉन’ची, ऑगस्ट 2025 मध्ये तिचं मानक निघालं.

आता पडद्यावर बघा. अ‍ॅस्कॉनची कामाची जागा: 64 बिटांच्या पाच ओळी, एकूण 320 बिट, म्हणजे अवघे 40 बाइट. त्यात 128 बिटांची किल्ली, म्हणजे डबी आणि घर यांनाच ठाऊक असलेला गुप्त आकडा, आणि संदेशाचा क्रमांक टाकायचा आणि पत्ते पिसावेत तसं बारा वेळा पिसायचं. मग नोंद आत जाते, ओळखू न येण्याजोगी होऊन बाहेर पडते. पुन्हा पिसणं, आणि शेवटी 16 बाइटचा शिक्का. नोंद चार बाइटची, शिक्का सोळा बाइटचा! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. पण मसाला लागतोच.

पथ्य एकच: त्याच किल्लीवर तोच क्रमांक पुन्हा वापरायचा नाही. आमची पहिली डबी इथंच फसली. माकडांनी फांदी हलवली, सेल निखळला, आणि परत बसवल्यावर मोजणी शून्यापासून सुरू. आता डबी आधी पुढचा क्रमांक कायमच्या मेमरीत लिहिते, मगच बोलते.

(काही क्षण फक्त वारा.)

सेल बसला. हिरवा दिवा एकदा लुकलुकला.

खाली पडवीत, चहाच्या कपाशेजारच्या फोनवर नवी नोंद आली: 19 अंश.