सत्तावीस आले, सत्तावीस गेले

नमस्कार मंडळी, कसे आहात? आज क्रिकेट नाही, आज बेसबॉल. बटणाकडे गेलेला हात जरा मागे घ्या बघू, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, आणि मी काही नियमांचं पुस्तक उघडून बसणार नाहीये. मला स्वतःला हा खेळ उशिराच कळला, तोही पहाटेच्या चहाच्या कृपेने. न्यूयॉर्कला संध्याकाळी सातची मॅच सुरू होते तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, झोप गेलेली असते, हातात कप असतो, मग काय, बघत बसायचं. आणि बघता बघता एक गोष्ट डोक्यात बसली ती अजून निघालेली नाही. परफेक्ट गेम.

म्हणजे काय, तर सोपं आहे. इनिंग नऊ, प्रत्येक इनिंगमध्ये तीन आउट, म्हणजे समोरच्या टीमचे एकूण २७ आउट काढायचे. परफेक्ट गेम म्हणजे २७ बॅटर आले आणि २७ गेले, एकही जण पहिल्या बेसपर्यंत पोचला नाही. फटका मारून नाही, चार बॉल बाहेर पडले म्हणून फुकटात नाही (त्याला वॉक म्हणतात), अंगाला बॉल लागला म्हणून नाही आणि फिल्डरने कॅच सोडला म्हणूनही नाही. नऊच्या नऊ जण तीन तीन वेळा येणार आणि तीन तीन वेळा बॅट घेऊन परत जाणार. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये १८८० पासून आजपर्यंत दोन लाखांपेक्षा जास्त मॅच झाल्या आणि परफेक्ट गेम किती, तर २४. शेवटचा २०२३ च्या जूनमध्ये, न्यूयॉर्क यांकीज टीमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, डोमिंगो हर्मान याचा. आपल्या टेस्टमध्ये एका डावात दहाच्या दहा विकेट घेणारे तिघंच, लेकर, कुंबळे आणि एजाझ पटेल, साधारण त्या घराण्यातली गोष्ट आहे ही.

आता तुम्ही म्हणाल, मग हा पराक्रम मोठमोठ्या पिचर लोकांनीच केला असणार. तिथेच तर गंमत आहे. नोलन रायन नावाचा पिचर होऊन गेला, ५७१४ बॅटर त्याने स्ट्राइकआउट केले (बॅटरने चुकवलेला किंवा आत येऊनही सोडलेला बॉल म्हणजे स्ट्राइक, तीन झाले की आउट), तो रेकॉर्ड अजून कुणाच्या बापाला मोडता आला नाही. नो-हिटर, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट, म्हणजे बेसवर पोचवणारा फटका, मिळू द्यायचा नाही, असं त्याने सात वेळा केलं. सात! दुसऱ्या कुणाचे चारच्या वर नाहीत. पण परफेक्ट एकही नाही. कारण काय, तर वॉक. बॉल तोफेसारखा यायचा पण दरवेळी कुणीतरी एखादा फुकटात बेसवर जाऊन उभा राहायचाच.

आणि डॉन लार्सन? १९५४ साली बॉल्टिमोरकडून खेळताना त्याचं रेकॉर्ड होतं ३ जिंकल्या, २१ हरल्या. आपल्याकडे असा बॉलर पुढच्या सीझनला थेट कॉमेंट्रीत दिसला असता. पुढे तो यांकीजकडे आला. १९५६ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, अनेक मॅचची, समोर ब्रुकलिन डॉजर्स. दुसऱ्या मॅचमध्ये याला पिचिंग दिलं, टीमकडे सहा रनची आघाडी होती आणि याला दोन इनिंगही पूर्ण करता आल्या नाहीत, मॅचही गेली. मग पाचवी मॅच, ८ ऑक्टोबर. हा सकाळी क्लबहाउसमध्ये आला तर त्याच्या बुटात बॉल ठेवलेला. म्हणजे आज पिचिंग तुझं, ही सांगायची पद्धत! त्या दिवशी त्याने ९७ बॉल टाकले आणि सत्तावीसच्या सत्तावीस गेले. वर्ल्ड सिरीजमधला परफेक्ट गेम हा एकच, आधी नाही, नंतर नाही.

पण नुसता लार्सनचा हा पराक्रम म्हणायचा का, हा मला पडलेला प्रश्न आहे. दुसऱ्याच इनिंगमध्ये जॅकी रॉबिन्सनने सणसणीत मारला होता, तो थर्ड बेसवाल्या अँडी केरीच्या हाताला लागून उडाला आणि नशीब असं की शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर, गिल मॅकडूगल बरोबर तिथेच उभा, त्याने उचलून फेकला आणि रॉबिन्सन केसभर अंतराने आउट. पाचव्या इनिंगमध्ये गिल हॉजेसचा फटका मिकी मँटलने धावत जाऊन पकडला, तो पडला असता तर आज लार्सनचं नाव कुणाला माहीत असतं? शेवटचा बॅटर डेल मिशेल, तिसरी स्ट्राइक त्याच्या मते बाहेर होती, अंपायरच्या मते आत. संपलं. कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, योगी बेरा धावत आला आणि लहान पोरासारखा लार्सनच्या अंगावर चढला, तो फोटो शोधून बघाच. योगायोग म्हणजे त्याच वर्षी, दोन-अडीच महिने आधी, मँचेस्टरला जिम लेकरने एका टेस्टमध्ये १९ विकेट घेतल्या होत्या. १९५६ मध्ये हवेतच काहीतरी असणार.

बरं, या सगळ्यात अंधश्रद्धा पण आहे हां. परफेक्ट गेम चालू असेल तर पिचरशी कुणी बोलत नाही. डगआउटमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी. आपण कसं सचिन नव्वदीत आला की घरात कुणाला जागेवरून हलू द्यायचो नाही, बाथरूमला गेलेल्याला तिथेच थांब म्हणून ओरडायचो, तसंच. दृष्ट लागते ही भानगड अमेरिकेतही आहे, फक्त मीठमोहऱ्या नाहीत.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, म्हणजे आवडती तरी कसं म्हणू, ऐकून जीव हळहळतो. २६ मे १९५९, मिलवॉकी. पिट्सबर्ग पायरेट्सचा हार्वी हॅडिक्स, त्या दिवशी सर्दीतापाने बेजार होता म्हणतात. नऊ इनिंग परफेक्ट. पण मॅच संपली नाही, कारण त्याच्या टीमला एक, अहो एक रन काढता येईना! हिट बारा मारले, रन शून्य. दहावी इनिंग परफेक्ट. अकरावी. बारावी. ३६ बॅटर आले आणि ३६ गेले, हे त्याच्या आधी कुणी केलं नव्हतं, नंतरही नाही. तेराव्यात थर्ड बेसवाल्याने थ्रो वाईट फेकला आणि एक जण बेसवर पोचला, परफेक्ट तिथेच गेलं. पुढच्याने बंट टाकून, म्हणजे बॅट नुसती हळूच टेकवून, त्याला दुसऱ्या बेसवर ढकललं, मग हँक एरनला मुद्दाम वॉक दिला आणि जो अॅडकॉकने बॉल थेट कुंपणाबाहेर. हॅडिक्स हरला. स्कोअर १-०. तीन नाही, एक, कारण एरनला बॉल बाहेर गेलाय हे कळलंच नाही, तो मध्येच डगआउटकडे वळला आणि अॅडकॉक त्याच्या पुढे निघून गेल्यामुळे होमरनचा झाला डबल, म्हणजे दोनच बेसचा फटका. म्हणजे जिंकतानासुद्धा गोंधळ. आणि कळस बघा, बऱ्याच वर्षांनी मिलवॉकीच्याच एका पिचरने सांगून टाकलं की आम्ही त्या दिवशी बुलपेनमधून, म्हणजे पिचर वॉर्मअप करतात तिथून, पायरेट्सच्या कॅचरच्या खुणा चोरून बॅटरला कळवत होतो. कुठला बॉल येणार हे माहीत असून बारा इनिंग काही करता आलं नाही! एवढं होऊन १९९१ मध्ये लीगने व्याख्या नव्याने ठरवली आणि हॅडिक्सचं नाव यादीतून काढलं. नियमाने बरोबर असेलही, मला नाही पटत.

हॅडिक्स वाचला की मला एजाझ आठवतो. जन्म मुंबईचा, न्यूझीलंडकडून वानखेडेवर आला, डिसेंबर २०२१, भारताचे दहाच्या दहा एकट्याने काढले आणि त्याच्या टीमवाल्यांनी किती केल्या? ६२ ऑलआउट. मॅच ३७२ रननी हरले. या दोघांना एका टेबलावर बसवून चहा पाजावा असं वाटतं.

डेट्रॉइटच्या अर्मांडो गलाराग्गाची गोष्ट मात्र वेगळीच. २ जून २०१०. व्हेनेझुएलाचा पोरगा, २६ आउट झालेले. नवव्या इनिंगमध्ये ऑस्टिन जॅक्सनने पाठमोरा पळत जाऊन असा काही कॅच घेतला होता की सगळ्यांना वाटलं आज होणारच. सत्ताविसावा बॅटर, साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून गेलेला फटका, मिगेल काब्रेराने उचलला, फर्स्ट बेसवर धावत आलेल्या गलाराग्गाकडे फेकला, पाय बेसवर, बॅटर एक पाऊल मागे, आणि अंपायर जिम जॉइस म्हणतो सेफ! अख्खं स्टेडियम ओरडतंय, मॅनेजर धावत आलाय, आणि गलाराग्गा? हसला. नुसता हसला, परत जाऊन बॉल हातात घेतला आणि अठ्ठाविसावा आउट काढला. रिव्ह्यू तेव्हा फक्त होमरनसाठी होता, पायाखालच्या निर्णयाला नाही. मॅचनंतर जॉइसने रिप्ले बघितला आणि जाऊन रडत त्याची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा याच दोन टीम, होमप्लेटवर जॉइस, आणि टीमची यादी द्यायला मुद्दाम गलाराग्गाला पाठवलेलं. जॉइस डोळे पुसतोय. लीगच्या कमिशनरने निकाल बदलला नाही, तेव्हा यादीत गलाराग्गा नाही. पण मला विचाराल तर त्या चोविसातले निम्मे मला आठवत नाहीत आणि हा आठवतो.

वेळ संपत आली म्हणून माझा निर्माता काचेपलीकडून हातवारे करतोय, एकच सांगतो. योगी बेराला १९८५ मध्ये यांकीजच्या मालकाने मॅनेजरपदावरून सीझनच्या सुरुवातीलाच काढलं आणि हा बाबा असा रुसला की चौदा वर्षं स्टेडियमची पायरी चढला नाही. १९९९ मध्ये समेट झाला. १८ जुलैला त्याच्या सन्मानाचा दिवस ठेवला आणि समारंभाचा पहिला बॉल टाकायला कुणाला बोलावलं, तर डॉन लार्सनला. बेराकडे ग्लोव्ह नव्हता, त्याने त्या दिवशीच्या कॅचरचा, जो जिरार्डीचा मागून घेतला, लार्सनचा बॉल पकडला, ग्लोव्ह परत दिला आणि दोघं म्हातारे मॅच बघायला बसले. यांकीजकडून पिचर होता डेव्हिड कोन, समोर माँट्रियल. मध्ये अर्धा तास पाऊससुद्धा पडून गेला. कोनने ८८ बॉल टाकले, जिरार्डीने ते त्याच ग्लोव्हने पकडले, सत्तावीस आले आणि सत्तावीस गेले.