खतावणीतलं बारीक अक्षर

श्रोतेहो, नमस्कार.

आमचे मामा फोंड्याजवळच्या एका देवळाची खतावणी लिहायचे. अक्षर टपोरं, शाईच्या पेनातलं. एका चतुर्थीला मी त्यांच्या वह्या चाळत होते. जुन्या पानांवर ‘तेल, कापूर, नारळ’ कसं ठसठशीत! आणि ताज्या वहीत ओळ सुरू होताना अक्षर बरं, ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं. मामी म्हणाली, “चष्म्याचा नंबर वाढला असेल.” चष्मा बदलला, अक्षर बारीकच राहिलं. पुढं उजव्या हाताचा अंगठा बोटावर आपोआप फिरू लागला, जपमाळ ओढावी तसा. तेव्हा कुठं डॉक्टरकडे नेलं. पार्किन्सन, म्हणजे मेंदूचा, हालचाली मंदावणारा आजार.

डॉक्टरांनी विचारलं, “वास येतो? पोट साफ होतं?” मामी गप्पच झाली. दहा वर्षं एरंडेल चालू होतं. शेजारी सुका बांगडा भाजला की वाडाभर वास सुटायचा, आणि मामा विचारायचे, “कसला वास?”

पुष्कळदा पोट आधी, नाक आधी, हात नंतर. हे लक्षात असू द्या. जर्मन संशोधक हायको ब्राक यांनी 2003 साली मांडलं, की काही रुग्णांत हा आजार आतड्यात सुरू होत असावा. अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या पोट आणि मेंदू जोडणाऱ्या वेगस नसेच्या वाटेनं मेंदूकडे चढत असाव्यात. आतड्यातल्या जंतूंचाही यात हात आहे का, हे बघायला 2016 साली कॅलिफोर्नियात हे प्रथिन जास्त बनवणाऱ्या उंदरांवर प्रयोग झाला. आतड्यात जंतूच नसलेल्या उंदरांना हालचालींचा त्रास कमी झाला. जठरात अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूवरही संशयाची सुई आहे. तो पोटात असला तर पार्किन्सनची लेव्होडोपाची गोळी काहींना नीट लागू पडत नाही.

पण जंतूंमुळेच पार्किन्सन होतो, हे सिद्ध झालेलं नाही. पुन्हा सांगते, सिद्ध झालेलं नाही. पोट साफ न होणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होत नाही, आणि फार्मसीतून आपल्या मनानं अँटिबायोटिक आणून घेणं तर नकोच.

मामा आता गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतात. रुंद ओळी आखलेली वही आणून दिली आहे. ओळ डोळ्यांसमोर असली की हात मोठा चालतो. परवा त्यांनी मला पान दाखवलं. ‘कापूर’ पुन्हा ठसठशीत होता.