वेशीबाहेरचे दुःख

(नागपूरहून आलेल्या पाहुण्यांनी मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय, मंडळाचे कार्यकर्ते आणि बंधुभगिनींनो,

आपल्यापैकी जे नागपूरचे आहेत त्यांच्या डोळ्यांसमोर तान्ह्या पोळ्याच्या दिवशीची महाल-इतवारीची गर्दी अजून असेल. मारबत म्हणजे रोगराईचे प्रतीक म्हणून मिरवत नेला जाणारा मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी त्यानंतर चार वर्षांनी सुरू झाली. ‘ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ असा गजर करीत हजारो माणसे तिच्यामागून चालतात आणि शेवटी तिचे दहन होते. घरात आजारी माणूस असलेली एखादी बाई गर्दीच्या कडेला उभी राहून तिला हात जोडते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. दुःख गावाबाहेर जावे ही इच्छा अगदी खरी आहे आणि तिच्यात वावगे काहीच नाही. मात्र पस्तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकविल्यावर मला असे वाटते, की साहित्य नेमके याच्या उलट काम करते. वेशीबाहेर नेऊन टाकलेले दुःख ते पुन्हा घरात आणते, आपल्या पाटाशेजारी बसवते आणि त्याच्याकडे पाहायला लावते.

हे पाहणे किती अवघड असते, हे सांगायला बाबा आमटे यांच्या आयुष्यातील एका प्रसंगाइतका नेमका दाखला मला दुसरा सापडत नाही. वरोरा हे गाव नागपूरपासून साधारण शंभर किलोमीटरवर आहे. तेथे वकिली करणारा, सफाई कामगारांबरोबर डोक्यावरून मैला वाहण्याचा अनुभव घेतलेला हा निर्भय माणूस पावसात रस्त्याच्या कडेला पडलेल्या तुळशीराम नावाच्या महारोग्याला पाहून घाबरला आणि तेथून पळाला. पुढे तो परत गेला, त्याने तुळशीरामाला आडोसा केला आणि अखेरपर्यंत त्याची सेवा केली. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि मग आनंदवन उभे राहिले, हे आपण सर्व जाणतो. मला त्यातील पळून जाण्याचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो बाबांनी लपविला नाही. स्वतःच्या तोंडाने सांगितला. ते कवीही होते, आणि स्वतःच्या भीतीला नाव देण्याचे धैर्य त्यांच्यातील कवीने दिले की त्यांच्यातील सेवकाने, हे वेगळे करून दाखविणे मला कधीच जमलेले नाही.

येथे दुसरी एक गोष्ट मांडली पाहिजे, आणि तिच्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. सगळे दुःख एका जातीचे नसते. म्हातारपण, आजार आणि मरण कोणालाच चुकत नाहीत. पण काही दुःखे माणसाने माणसावर लादलेली असतात, आणि ती पहिल्या प्रकारात ढकलून देणे फार सोयीचे असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर अवघ्या ५३ दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीच त्यांनी एक साधा प्रश्न विचारला आहे. वृद्ध, रोगी आणि मृत माणूस पाहून सिद्धार्थाने घर सोडले असे परंपरा सांगते. पण एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर यांपैकी काहीच पाहिले नव्हते, हे बुद्धीला कसे पटावे? त्यांच्या मांडणीत सिद्धार्थ घर सोडतो तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून त्याचे शाक्य कुळ आणि शेजारचे कोलीय कुळ यांच्यात पेटलेल्या वादामुळे. शाक्य संघाने ठरविलेल्या युद्धाला तो विरोध करतो आणि परिव्रज्या पत्करतो.

जुनी कथा वाङ्मय म्हणून सुंदर आहे, आणि वर्गात ती सांगताना माझाही आवाज जड होत असे. तरीही बाबासाहेबांचा प्रश्न वाचल्यापासून मी ती पूर्वीसारखी सांगू शकलो नाही. प्रेत पाहून माणसाला वैराग्य येते; पाणी नाकारलेला माणूस पाहून त्याला संताप आला पाहिजे. आमच्या विदर्भात कर्ज आणि नापिकी यांनी कोंडलेला शेतकरी जेव्हा विष घेतो, तेव्हा त्याच्या मरणावर ‘नियती’ आणि ‘प्राक्तन’ अशा शब्दांची शाल पांघरणारी कविता मला नीतीच्या दृष्टीने सदोष वाटते, मग तिची शब्दकळा कितीही तलम असो. गुणवत्तेचे निकष वेगळे आणि नीतीचे वेगळे, असे मी तरुणपणी हिरिरीने मांडत असे. आज ते मत मी सोडून दिले आहे.

याच वाटेवर लेखकाच्या अधिकाराचाही प्रश्न येतो. दुसऱ्याचे दुःख सांगायला आपण कोण? यवतमाळला जानेवारी २०१९ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झाले. अशाच भगिनींनी स्वतः उभे राहून सादर केलेले ‘तेरवं’ हे नाटकही विदर्भात झाले. तेराव्या दिवसाच्या विधीला आमच्याकडे तेरवी किंवा तेरवं म्हणतात. त्या दिवशी पाहुणे जेवतात आणि आपापल्या गावी जातात. पानांच्या पंगती उठल्यावर त्या बाईचे काय होते, हे तिनेच बोलायचे असते आणि आपण ऐकायचे असते.

आता जे सांगणार आहे ते आपल्यापैकी अनेकांनी भोगलेले असेल. माझ्या शेजारच्या गृहस्थांचे निधन झाले तेव्हा त्यांची मुलगी परदेशात होती आणि तिला वेळेवर पोहोचता येणे शक्य नव्हते. अंबाझरी घाटावर मी मोबाइल हातात धरून उभा होतो. सुरेश भटांच्या एका गझलेत सरणावरचा माणूस स्वतः बोलतो. मी ती कितीदा शिकविली होती, पण त्या दिवशी सरणाकडे पाहताना मला तिची एक ओळही आठवली नाही. अग्नी दिल्यावर लोक पांगू लागले, तेव्हा पलीकडून आवाज आला, “काका, इतक्यात बंद करू नका.” आम्ही दोघे काहीही न बोलता पाऊण तास तसेच थांबलो. माझा हात दुखू लागला तेव्हा तिच्या वडिलांच्या मित्राने तो फोन आपल्या हातात घेतला.

तीन महिन्यांनी तिने मला वडिलांविषयी लिहिलेली चार पाने पाठविली. पहिल्या दोन पानांत त्यांची सायकल आहे, सीताबर्डीच्या रस्त्यावर जुनी पुस्तके चाळत घालविलेल्या रविवारच्या सकाळी आहेत, चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधण्याची त्यांची सवय आहे. चौथ्या पानावर घाटावरची ती पाऊण तासाची शांतता आहे, आणि पडद्यावर ज्वाळांपेक्षा माझ्या सदऱ्याची बाहीच अधिक दिसत होती, असे तिने लिहिले आहे. तिसऱ्या पानात त्या दोघांमधला एक जुना अबोला आहे.

आज येथे काय बोलू, असे मी तिला निघण्यापूर्वी विचारले. तिने पहिले, दुसरे आणि चौथे पान वाचण्यास आनंदाने परवानगी दिली. ती पाने मी सोबत आणली आहेत आणि आता आपल्यासमोर वाचणार आहे. तिसरे पान मी नागपूरला, माझ्या टेबलाच्या खणात ठेवून आलो आहे.