पत्रा घेतला, आढं विसरलो

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतली ही शेड. मान वर करून छताकडे बघा. दोन्ही पाखांचे पत्रे आढ्यापाशी एकमेकांना भिडत नाहीत. मधे फट सोडलीय आणि तिच्यावर दुसरं छोटं छप्पर. यंत्रांची, माणसांची गरम हवा वर चढते, फटीतून निघून जाते. तिच्या जागी भिंतीतल्या खालच्या जाळ्यांतून बाहेरची हवा आत येते. याला वीज लागत नाही. उंची मात्र लागते.

आता रस्त्यावरचा हा बसथांबा. पत्रा तोच, पण हात वर केला तर लागेल इतका खाली. एप्रिलच्या दुपारी लोक थांबा सोडून शेजारच्या लिंबाखाली उभे राहतात. कारखान्याकडून आपण पत्रा तेवढा उचलला.

उजेडाचंही तेच. करवतीच्या दात्यांसारख्या छपरात काचा उत्तरेला ठेवतात, म्हणजे उजेड येतो, ऊन येत नाही. सांगलीत मात्र एक मेख आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य इथं डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणून काचेवर हातभर छज्जा हवाच.

या जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभा केला. शेड बांधणारे, जोडणारे हात आपल्याकडे आहेत. मग पुराच्या निवाऱ्यासाठी ते का वापरू नयेत?

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माणसं शाळांत, मंगल कार्यालयांत राहिली. दावणीची जनावरं कुठं बांधायची, हा घोर वेगळाच. पूररेषेच्या वर, उंच जोत्यावरची, मधे एकही खांब नसलेली शेड दोघांनाही सामावून घेईल: एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गोठा, आणि वारा माणसांकडून गोठ्याकडे वाहील अशी मांडणी.

मोकळ्या शेडीत बाईमाणसाला आडोसा नसतो, ही खरी अडचण. जपानमध्ये २०११ च्या भूकंपानंतर वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी व्यायामशाळांत कागदी नळ्यांच्या सांगाड्यावर पडदे लावून कुटुंबागणिक खोल्या केल्या. आपल्याकडे तर कैचीची, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याची, खालची दांडी आयती आहे. तिला तार ओढली की पडदे लागले. आणि पत्र्याखाली जाड अस्तर हवं, नाहीतर पावसाच्या आवाजात लेकरं झोपायची नाहीत.

पूर नसेल तेव्हा इथंच आठवडी बाजार भरवावा. कुलूपबंद इमारतीची गळती पुराच्या दिवशीच कळते. बाजारातली गळती भाजीवाल्या मावशी त्याच दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन सांगतील.