स्टिकरखालच्या दोन कॉइल

जुन्या अमेरिकन गिटारच्या खरेदी-विक्रीत एक सवय मला फार खटकते, आणि तिच्याविषयी बोलल्याशिवाय १९५० च्या दशकातल्या गिटार-पिकअपची (तारांखाली बसवलेल्या, त्यांचे कंपन विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागाची) तुलना या आजच्या विषयाला हात घालणे मला शक्य नाही. विकणारा माणूस पिकअपच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावतो, ‘आठ किलोओहम’ असा विद्युतरोधाचा आकडा वाचून दाखवतो, आणि घेणारा त्या आकड्यावरून आवाजाची कल्पना करू लागतो. हा आकडा फार तर पिकअपमध्ये गुंडाळलेली तार, म्हणजे कॉइल, किती लांब आणि किती बारीक आहे एवढेच सांगतो. आवाज ठरतो तो कॉइल कशी गुंडाळली आहे, तिच्या गाभ्यात कोणता धातू आहे आणि चुंबक कुठे बसवला आहे, यांवरून. १९५० च्या दशकातल्या गिटारांचे वेगळेपण तिथे शोधावे, त्यांच्या वयात नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

पिकअपची कॉइल गिटारच्या तारेच्या कंपनाबरोबर आसपासच्या ट्रान्सफॉर्मरची आणि वायरिंगची गुणगुणही पकडते, हे इथे बसलेल्या प्रत्येकाने अनुभवले आहे. अमेरिकेत ती ६० हर्ट्झच्या पुरवठ्यातून येते, आपल्याकडे ५० हर्ट्झच्या. मिशिगनमधल्या कॅलामाझू येथे गिब्सन या गिटार कंपनीचे अभियंते सेथ लव्हर यांनी यावर जो उपाय काढला तो मला अतिशय सुंदर वाटतो. त्यांनी दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवल्या. एका कॉइलला चुंबकाचा उत्तर ध्रुव दिला, दुसरीला दक्षिण, आणि दोघींची जोडणीही एकमेकींच्या उलट केली. बाहेरची गुणगुण दोन्ही कॉइलमध्ये सारखीच शिरते, त्यामुळे उलट जोडणीत ती एकमेकींना खोडून काढते. तारेचा संकेत मात्र चुंबक आणि जोडणी असा दोनदा उलटतो, म्हणून त्याची बेरीज होते. अशा पिकअपला हंबकर म्हणतात. वरचे झाकणही त्यांनी विचारपूर्वक निवडले. तांब्या-पितळेच्या झाकणात भोवरी प्रवाह जोरात फिरतात आणि वरचे स्वर मरतात. जर्मन सिल्व्हर या तांबे-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूचा विद्युतरोध जास्त असल्याने त्यात हे नुकसान कमी होते.

लव्हर यांनी २२ जून १९५५ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. त्या अर्जातल्या आकृतीत तारांखाली उंची बदलता येणारे स्क्रू नाहीत, हे मुद्दाम पाहावे. विक्रेत्यांना ग्राहकापुढे बोलायला काहीतरी हवे होते, म्हणून विक्री विभागाच्या आग्रहाने ते पुढे आले, असे लव्हर यांनीच नंतर सांगितले आहे. १९५७ पासून हे पिकअप गिटारांवर बसू लागले आणि त्यांच्या तळाला ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाचे छोटे काळे स्टिकर लागले. पेटंट जुलै १९५९ मध्ये मिळाले, तरी ते स्टिकर १९६२ च्या सुमारापर्यंत लागतच राहिले. त्यानंतरच्या स्टिकरवर पेटंटचा क्रमांक आला खरा, पण तो २७,३७,८४२ हा होता, म्हणजे गिटारवादक लेस पॉल यांच्या ब्रिज-टेलपीसच्या (गिटारच्या तारा अडकवण्याच्या भागाच्या) पेटंटचा! नक्कल करणाऱ्यांना चकवण्यासाठी हे केले, असे अनेकजण मानतात. आज त्या पहिल्या स्टिकरपायी लोक एका पिकअपला लाखांत पैसे मोजतात. त्याखालच्या कॉइल मात्र एकसारख्या नसत. वेढे काटेकोर मोजले जात नसत, बॉबिन (तार गुंडाळण्याची रीळ) भरली की गुंडाळणे थांबे; चुंबकही अल्निको या मिश्रधातूच्या दोन, तीन, चार किंवा पाच क्रमांकाच्या प्रकारांपैकी जो हाती असेल तो पडे. दोन कॉइलमध्ये वेढे कमी-जास्त झाले तर गुणगुण थोडी उरते, पण आवाज मोकळा होतो. म्हणून दोन पिकअपवर एकच स्टिकर असले तरी त्यांचा आवाज एकच असेल असे नाही.

मला चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत, आणि जाहीर केलेली तुलना अजून व्हायची आहे. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

गिब्सनचाच १९४६ चा पी-नाइन्टी हा पिकअप घ्या. त्यात एकच कॉइल आणि ४२ गेजच्या तारेचे सुमारे १०,००० वेढे. लव्हर यांच्या पिकअपमध्ये तीच तार, पण सुमारे ५,००० वेढ्यांच्या दोन कॉइल. मीटर दोन्हीकडे आठ किलोओहमच्या आसपास दाखवतो, आणि आवाजात मात्र जमीन-अस्मानाचा फरक! इंडक्टन्स (कॉइलचा बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध; तो जास्त तर वरचे स्वर दबतात) वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे तेवढेच वेढे दोन कॉइलमध्ये वाटले की तो बराच उतरतो. पण दोन कॉइल तारेला दोन ठिकाणी ऐकतात आणि वरचे काही स्वरांश एकमेकांना खोडतात. पी-नाइन्टी खरखरीत आणि थेट वाटतो, हंबकर गोल आणि भरीव, त्याचे एक मोठे कारण हे.

कॅलिफोर्नियात फुलर्टनला लिओ फेंडर यांनी वेगळीच वाट धरली. १९५४ च्या त्यांच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये अल्निकोचे सहा दांडे हेच ध्रुव आहेत. गिब्सनमध्ये चुंबक खाली आडवा असतो आणि तारेखाली लोखंडी स्क्रू येतात. लोखंडाने इंडक्टन्स वाढतो, अल्निकोने फारसा वाढत नाही, म्हणून स्ट्रॅटमध्ये वरचे स्वर लख्ख उमटतात. फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारच्या ब्रिजजवळच्या पिकअपखाली तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी असते आणि त्या आवाजाच्या धारेत तिचाही हात आहे.

ग्रेच या गिटार कंपनीसाठी रे बट्स यांनी केलेला फिल्टरट्रॉन पिकअप मी अगदी थोडक्यात सांगतो, त्याबद्दल मनापासून वाईट वाटते. तोही दोन कॉइलचाच, पण वेढे बरेच कमी, रोध चार किलोओहमच्या जवळ, आणि म्हणून आवाज फेंडरच्या बाजूला झुकलेला. बट्स यांचा अर्ज लव्हर यांच्यानंतरचा, तरी पेटंट त्यांना जून १९५९ मध्ये, म्हणजे महिनाभर आधी मिळाले. लव्हर पुढे १९६७ मध्ये फेंडरकडे गेले आणि तिथे त्यांनी क्युनिफे या मिश्रधातूच्या स्क्रूंनाच चुंबक करून नवा हंबकर घडवला. प्रश्नोत्तरांत कोणी विचारले, तर तिथून पुढे बोलायला मला आवडेल.